दुसऱ्याच्या नावाचे दुकान

महाराष्ट्रातील जुन्या पेठांमध्ये काही दुकानांवर एक पाटी हमखास दिसे : 'आमची कोठेही शाखा नाही.' त्या पाटीत दुकानदाराचा थोडा तोरा होता, तशी गिऱ्हाइकाला दिलेली हमीही होती. माल याच भट्टीवरचा, शब्द याच गादीवरचा आणि काही बिघडले तर जाब द्यायला माणूस समोर बसलेला, असा तिचा अर्थ. आता काळ उलटा झाला आहे. ज्या नावाच्या शंभर शाखा, ते नाव मोठे. एकशेएकावी शाखा गावात काढावी म्हणून लहान गावांतील व्यापारी घरांतले तरुण गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके घेऊन वडिलांसमोर उभे राहत आहेत. या व्यवहाराला फ्रँचायझी म्हणतात. नाव, पद्धत आणि माल कंपनीचा. जागा, भांडवल आणि मेहनत घेणाऱ्याची. तोटा कोणाचा, हे माहितीपत्रकात सहसा छापलेले नसते.

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. पलीकडे अंबाबरवा अभयारण्याचे डोंगर, अलीकडे कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याची शेती. रेल्वे गाठायची तर शेगावला जावे लागते. डोंगरातील आदिवासी वस्त्यांचा बाजारहाट याच पेठेवर चालतो. सोनाजी महाराजांच्या यात्रेचे दिवस सोडले, तर पेठेत अनोळखी चेहरा क्वचितच दिसतो. दुकानदाराला गिऱ्हाईक नावाने, शेताने आणि मागील बाकीने ठाऊक असते.

अशा पेठेतील एका जैन कुटुंबाची दोन पिढ्यांची गादी. किराणा, थोडे कापड आणि हंगामात तूर-सोयाबीनची खरेदी. धाकट्या मुलाने अकोल्यात बी.कॉम. केले, दोन वर्षे पुण्यात नोकरी केली आणि तो परत आला. परत आला हीच घरात आनंदाची गोष्ट होती. तथापि किराण्याच्या गादीवर बसण्यास त्याचे मन घेईना. पुण्यात पाहिलेल्या एका चहा-फराळाच्या साखळीची शाखा सोनाळ्यात काढावी, असा प्रस्ताव त्याने मांडला. एकूण खर्च सुमारे १४ लाख. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की गुंतवणूक १४ महिन्यांत वसूल होते.

वडिलांनी पत्रक दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला. "पाटी आपली नाही, माल आपला नाही, भाव आपला नाही. मग दुकानात आपलं काय रे?"

"बाबूजी, उधारीपण आपली राहणार नाही," मुलगा म्हणाला.

यावर वडिलांना उत्तर सुचले नाही. गेल्या तीन हंगामांची खातेवही त्यांच्या उशाशीच होती.

फ्रँचायझीच्या बाजूचे खरे बोलणे या एका वाक्यात आहे आणि ते हलके समजण्याचे कारण नाही. सोनाळ्यासारख्या गावात पैसा दसरा-दिवाळीनंतर कापसाबरोबर येतो आणि पेरणीपासून पोळ्यापर्यंत आटतो. या मधल्या महिन्यांत दुकानदार हाच गावाचा सावकार असतो, तोही बिनव्याजी. २२ जुलै २०२३ रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली. असा पूर येतो तेव्हा पाणी शेतात शिरते आणि नुकसान खातेवहीत उतरते. कंपनीच्या पाटीखाली मात्र कोणी उधार मागत नाही. भाव छापलेला, बिल यंत्रातून निघालेले, पैसे मोबाइलवरून आलेले. ओळखीच्या माणसाला 'नाही' म्हणण्याचे अवघड काम पाटी करते.

दुसरा लाभ शिस्तीचा. कोणता पदार्थ किती ग्रॅमचा, दूध किती वेळ उकळायचे, साठा कधी मोजायचा, नवा नोकर किती दिवसांत तयार करायचा, हे सर्व कोणीतरी चुका करून आधीच लिहून ठेवलेले असते. स्वतःच्या चुकांनी हेच शिकायचे तर वर्षे जातात. मुंबईत मालाडला २००१ मध्ये सुरू झालेल्या जम्बोकिंगने किंवा २००४ मध्ये कल्याणहून निघालेल्या गोली वडापावने हातगाडीवरचा वडापाव साखळीत बसवला तो असाच. वडा तोच, पण आकार, चव आणि स्वच्छता प्रत्येक दुकानात सारखी ठेवण्याची पद्धत ही त्यांनी विकलेली खरी वस्तू. नाव वापरण्याचा हक्क देऊन व्यापार वाढवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील सिंगर कंपनीने शिलाई यंत्रे गावोगावी नेण्यासाठी ठिकठिकाणच्या माणसांना विक्रीचे हक्क दिले होते.

तिसऱ्या लाभाची चर्चा बैठकीत होत नाही, स्वयंपाकघरात होते. मुलाच्या आईचा हिशेब वेगळाच होता. गावातील किराण्याच्या गादीवर बसणाऱ्या मुलाला सोयरीक येत नाही. आली तरी 'मुलगा शहरात दुकान काढणार का?' हा प्रश्न पहिला असतो. तीच गादी नामांकित साखळीच्या पाटीखाली गेली की मुलगा 'बिझनेस' करतो असे सांगता येते. हा विचार कोणाला उथळ वाटेल. ज्या घरांत तिशी ओलांडलेले कर्ते मुलगे लग्नावाचून बसले आहेत, त्यांना तो तसा वाटणार नाही. १४ लाखांतील काही लाख या घरांत खरे म्हणजे प्रतिष्ठेसाठी मोजले जातात. ते जाणूनबुजून मोजलेले बरे, इतकेच.

कुटुंबाने निर्णय खामगावच्या काकाजींवर सोपवला. काकाजींनी उपदेश केला नाही. त्यांनी कोरा कागद आणि पेन्सिल मागितली आणि मुलालाच समोर बसवून आकडे लिहायला लावले. तो हिशेब इथे जसाच्या तसा द्यावा असा आहे, कारण अशा प्रत्येक प्रस्तावात आकडे बदलले तरी रांग हीच राहते.

गुंतवणूक अशी. फ्रँचायझी शुल्क ३ लाख आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५४ हजार. सजावट ५ लाख. यंत्रे ४ लाख. अनामत आणि पहिला माल दीड लाख. यांपैकी १० लाख बँकेचे कर्ज, उरलेले घरचे. कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी धरले तर मासिक हप्ता २१,७४२ रुपये.

विक्री रोज ८ हजार, म्हणजे महिन्याला २ लाख ४० हजार धरली. कच्चा माल निम्मा, १ लाख २० हजार. तो कंपनीकडूनच घ्यायचा. भाडे १२ हजार. जागा घरचीच होती, पण काकाजींनी भाडे लिहायला लावले, कारण ती जागा दुसऱ्याला दिली असती तर भाडे आलेच असते. तीन नोकर ३६ हजार, वीज १२ हजार, नासाडी आणि किरकोळ ८ हजार. मग रॉयल्टी ६ टक्के म्हणजे १४,४०० आणि जाहिरात निधी २ टक्के म्हणजे ४,८००. दोहोंवर १८ टक्के जीएसटी मिळून कंपनीकडे जाणारी रक्कम २२,६५६. सर्व वजा जाता उरले २९,३४४. हप्ता भरल्यावर हाती ७,६०२ रुपये. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाचा पगार यातच आला.

"पुण्यात तुला किती मिळत होते?" काकाजींनी विचारले. मुलाने आकडा सांगितला नाही, पण पेन्सिल खाली ठेवली.

काकाजींनी ती पुन्हा त्याच्या हाती दिली. आता विक्री चौथ्या हिश्शाने कमी, रोज ६ हजार धरायला सांगितली. माल ९० हजारांवर आला, पण भाडे, पगार, वीज आणि किरकोळ खर्च तेवढेच राहिले. कंपनीचे देणे १६,९९२. उरले ५,००८ आणि हप्ता तोच २१,७४२. महिन्याची तूट १६,७३४. मुलाने दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि तो थांबला. घराला पडणारी तूट आणि कंपनीकडे जाणारे पैसे जवळजवळ सारखेच होते.

फ्रँचायझीच्या आर्थिक रचनेचे सार येथे आहे. रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नसते. दुकान तोट्यात गेले तरी विक्री शून्य होत नाही, म्हणून कंपनीचा हिस्सा चालूच राहतो. काही करारांत तर किमान रॉयल्टीची रक्कम ठरलेली असते. पूर आला, रस्ता बंद झाला, तरी ती द्यायचीच. शिवाय कंपनीला दुसऱ्या वाटेनेही उत्पन्न असते. सक्तीने घ्यावयाच्या मालावरील तिचा नफा रॉयल्टीच्या ओळीत दिसत नाही. करार वाचताना रॉयल्टीचे टक्के पाहणारे पुष्कळ असतात. मालाचा भाव कोण ठरवणार आणि तो वर्षातून किती वेळा वाढू शकेल, हे कलम पाहणारे थोडे.

जीएसटीचाही एक बारकावा व्यापारी घरांतूनच सुटतो, याचे नवल वाटते. किराणा व्यापाऱ्याला खरेदीवरील कर विक्रीवरील करातून वळता करून घेण्याची सवय असते. चहा-फराळाचे असे दुकान साधारणपणे ५ टक्क्यांच्या उपाहारगृह-सेवेत मोडते आणि त्या दरात खरेदीवरील कराची वजावट मिळत नाही. म्हणून शुल्क, रॉयल्टी आणि जाहिरात निधी यांवरचा १८ टक्के कर परत येत नाही. तो निव्वळ खर्च ठरतो. माहितीपत्रकात '६ टक्के' लिहिलेली रॉयल्टी घेणाऱ्याला प्रत्यक्षात ७.०८ टक्के पडते.

बँकेचा दृष्टिकोन याहून रुक्ष असतो. १४ लाखांपैकी कर्ज बुडाल्यास हाती धरता येईल असे काय आहे, हे बँक पाहते. शुल्क गेले ते गेले. सजावट भिंतीला चिकटलेली आणि तीही कंपनीच्या रंगात. राहिली यंत्रे, ती जुन्या बाजारात कोणत्या भावाने जातात, हे कोणत्याही बंद पडलेल्या उपाहारगृहाच्या मालकाला विचारावे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते, म्हणून अनेकांना ते सोपे वाटते. तारण नाही म्हणजे परतफेड नाही असे नव्हे. हप्ते थकले की कर्जदाराच्या पतअहवालावर ती नोंद बसते. आणि एकत्र कुटुंबात थकबाकीचा डाग मुलाच्या नावापुरता राहत नाही. वडिलांच्या कॅश क्रेडिट खात्याच्या नूतनीकरणाच्या वेळी बँक तो विषय काढतेच. यासाठी करारावर सही कोणाची, जामीन कोण, पिढीजात दुकानाची जागा त्यात गुंतते का, या तीन गोष्टी घरात आधी बोलून घ्याव्या लागतात. सही करणाऱ्याचे काही बरेवाईट झाले तर करार पत्नीकडे किंवा भावाकडे जाणार की संपणार, हेही विचारावे. ते अशुभ बोलणे नाही. विमा काढतानाही तेच बोलावे लागते.

आता मूळ प्रश्न. रोज ८ हजारांची विक्री म्हणजे माणशी सरासरी ४० रुपये धरले तर २०० गिऱ्हाइके, रोज, बाराही महिने. सोनाळ्यात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हा आकडा कदाचित गाठता येईल. आषाढात कोण येणार? त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जे येतील ते कंपनीच्या नावामुळे येतील काय?

नावाची किंमत अनोळखी माणसाकडून मिळते. ज्याला दुकानदार ठाऊक नाही, तो पाटी वाचतो. शेगाव याचे जवळचे उदाहरण आहे. गजानन महाराजांच्या दर्शनाला रोज दूरदूरचे भाविक उतरतात. एकदाच येणाऱ्या, घाईत असलेल्या, मुले बरोबर असलेल्या माणसाला ओळखीची पाटी दिसली की तो तिकडे वळतो. अपरिचित दुकानाची परीक्षा घेण्यास त्याच्याकडे वेळ नसतो. तेथे कंपनीचे नाव खरोखर गिऱ्हाईक आणते, म्हणून त्याचे मोल देणे योग्य ठरू शकते, जरी भाडेही तेथे चढे असते आणि शेजारी दुसरी साखळी उभी राहण्याचा धोकाही असतो. सोनाळ्यात प्रत्येक घर त्या कुटुंबाला तीन पिढ्यांपासून ओळखते. वजन बरोबर देतात, सुटे पैसे परत करतात, लग्नाच्या घरी माल वेळेवर पोचवतात, ही ओळख हेच त्यांचे नाव. तेथे दुसऱ्याचे नाव १४ लाखांना आणणे म्हणजे जिथे त्याची गरज सर्वांत कमी, तिथे ते घेणे होय. शिवाय फ्रँचायझीत जमलेले गिऱ्हाईक करार संपल्यावर कंपनीच्या नावाबरोबर जाते. पाच वर्षे वाढवलेली सवय पाटी उतरवताच शेजारच्या नव्या धारकाकडे वळू शकते.

शेगावचीच कचोरी या बाबतीत विचार करण्यासारखी आहे. पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव रेल्वे स्टेशनवर तिची विक्री सुरू केली. तिचे नाव जाहिरातीने झाले नाही. गाडी थांबे, अनोळखी प्रवासी उतरून घेई, आणि त्याच्याबरोबर नाव पुढच्या स्टेशनांवर जाई. आज विदर्भात आणि बाहेरही 'शेगाव कचोरी' अशा पाट्या ठिकठिकाणी दिसतात. गावाचे नाव पदार्थाला लागले की ते एकट्याचे राहणे किती कठीण होते, हेही त्यातून दिसते. म्हणून फ्रँचायझी घेणाऱ्याने पहिली चौकशी ही करावी की जे नाव आपण विकत घेत आहोत, ते १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली कंपनीच्या नावावर नोंदलेले आहे काय, आणि त्याच मालासाठी नोंदलेले आहे काय. नोंदणीचा शोध सरकारी संकेतस्थळावर कोणालाही घेता येतो. अर्ज केलेला असणे आणि नोंदणी झालेली असणे यांत फरक आहे. विक्री प्रतिनिधी तो फरक सहसा सांगत नाही.

जुन्या एजन्सीशी याची गल्लत होऊ नये. विदर्भातील कितीतरी व्यापारी घरांनी बियाणे, खते, सिमेंट यांच्या एजन्सी चालवल्या आहेत. अकोल्याच्या महाबीजचे बियाणे विकणारा दुकानदार त्याच फळीवर दुसऱ्या कंपनीचेही ठेवतो. एक वाण फसला तर दुसऱ्यावर सावरतो. दुकानावर नाव त्याचे स्वतःचेच असते. फ्रँचायझीत फळी एकाच कंपनीची आणि नावही तिचेच.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, व्यापारचिन्ह कायदा आणि कराराचे कागद यांवरच सर्व भिस्त. अमेरिकेत १९७९ पासून याविषयी केंद्रीय नियम आहे. आजच्या नियमाप्रमाणे सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ मुद्द्यांचे माहितीपत्र द्यावे लागते. त्यात कंपनीवरचे दावे, एकूण खर्च, चालू आणि सोडून गेलेल्या धारकांची यादी संपर्कासह असते. येथे असे काही मागण्याचा कायदेशीर हक्क नाही. मागण्यास मनाई मात्र कोणीच केलेली नाही.

करारातील बंधने कितपत टिकतात, याचा एक निवाडा भारतीय व्यापाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पार्लेची शीतपेये १९९३ मध्ये कोका-कोलाने विकत घेतली. ठिकठिकाणी फ्रँचायझीवर बाटल्या भरणाऱ्या कारखानदारांचा धनी या एका व्यवहाराने बदलला. त्यांना कोणी विचारले नव्हते. यांतील गुजरात बॉटलिंग कंपनीचे भाग पुढे पेप्सीच्या बाजूला गेले आणि प्रकरण न्यायालयात पोचले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कराराची मुदत चालू असेपर्यंत प्रतिस्पर्ध्याचा माल न हाताळण्याची अट ही करार कायद्याच्या कलम २७ खालील व्यापारबंदी ठरत नाही. मुदत संपल्यानंतरची अशी बंदी न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. मुदतीत मात्र हात बांधलेले राहतात. सोनाळ्याच्या दुकानदाराला याचा अर्थ सरळ आहे. पाच वर्षांच्या करारात शेजारच्या गाळ्यात भावाच्या नावाने चहाचे दुकान काढण्याची युक्ती चालण्याची खात्री धरू नये. आणि कंपनीच विकली गेली, तर नवा मालक कोण असेल, हे त्याच्या हाती नाही. वादाची सुनावणी मुंबईत किंवा दिल्लीत, अशी अट बहुधा शेवटच्या पानावर असते. एका तारखेच्या प्रवासातच आठवड्याचा गल्ला जातो.

मोठ्यांचेही भांडण होते, हे मॅकडोनाल्ड्सच्या इतिहासातून दिसते. ऑक्टोबर १९९६ मध्ये दिल्ली आणि मुंबईत तिची पहिली दुकाने उघडली, तेव्हा गोमांस आणि डुकराचे मांस वगळलेले होते; शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या माणसांकडून होईल अशी व्यवस्था होती. येथील बाजारपेठेने आणि भागीदारांनी जगातील बलाढ्य कंपनीला आपला मेनू बदलायला लावला. पश्चिम भारतात अमित जटिया यांच्याकडील काम वाढत गेले. उत्तरेत विक्रम बक्षी आणि कंपनी यांच्यात २०१३ पासून वाद पेटला, ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने १६९ दुकानांचा करार रद्द झाल्याचे जाहीर केले आणि २०१९ मध्ये बक्षी यांचा हिस्सा घेऊन तडजोड झाली. दोघांकडेही वकिलांची फौज होती. १४ लाखांच्या धारकाकडे तालुक्याचे वकीलसाहेब असतात.

मेनूचा मुद्दा जैन घरांना विशेष लागू आहे. श्रावकाला कोणते धंदे वर्ज्य, याची पंधरा कर्मादानांची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या घरात पदार्थांची यादी दुसऱ्याच्या हाती देणे ही साधी बाब नाही. आज साखळी शुद्ध शाकाहारी आहे. उद्या केकमध्ये अंडे आले किंवा नवा पदार्थ सर्व शाखांना सक्तीचा झाला, तर? वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची अट असेल, तर संवत्सरीला काय करायचे? जगातील सर्वांत मोठ्या साखळीने मेनू बदलला तो मोठ्या भागीदारासाठी. लहान धारकाला असा बदल करारात आधीच लिहून घ्यावा लागतो. तोंडी आश्वासनाला पुढे साक्षीदार मिळत नाही. वडिलांना या मुद्द्यावर फार बोलावे लागले नाही. मुलाने स्वतःच दोन ओळी लिहून काढल्या, आणि त्याबद्दल काकाजींनी प्रथमच मान डोलावली.

याचा अर्थ प्रत्येक फ्रँचायझी टाळावी असा नाही. काही रचना लहान गावाला अधिक मानवतात. अमूलच्या विक्रीकेंद्रांत कंपनी रॉयल्टी घेत नाही. छापील किमतीवर पिशवीच्या दुधाला सुमारे अडीच, दुग्धजन्य पदार्थांना १० आणि आइस्क्रीमला २० टक्के मोबदला ती देते. टक्के कमी दिसतात, पण नुकसानीच्या महिन्यात वर काही पाठवावे लागत नाही. (अमूलच्या नावाने शुल्क मागणारी बनावट संकेतस्थळे निघाल्याने कंपनीला जाहीर इशारे द्यावे लागले आहेत, पैसे भरण्यापूर्वी पत्ता दोनदा पाहावा.) प्रधानमंत्री जनऔषधी केंद्राला विक्रीवर २० टक्के मोबदला आहे, घरात औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेतलेली सून किंवा मुलगी असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी तो विचार अवश्य करावा.

आणि फ्रँचायझीपासून मिळणारे काही लाभ फ्रँचायझी न घेताही मिळतात. सोनाळ्याच्या त्या दुकानात या दिवाळीपासून छापील बिल सुरू झाले आहे. साठा दर रविवारी मोजला जातो. उधारीची मर्यादा प्रत्येक खात्याला ठरवली असून, ती ओलांडली की संगणक बिलच काढू देत नाही. जुन्या गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणण्याची वेळ आली की बाबूजी यंत्राकडे बोट दाखवतात. मुलाची सोयरीक अद्याप जमलेली नाही, आणि आईचे त्याबद्दलचे म्हणणे कायम आहे.

प्रस्ताव मोडलेलाही नाही. मुलाचे मन त्यात आहे, आणि शेगावात मंदिराच्या रस्त्यावर जागा मिळाली तर आकडे पुन्हा मांडू, असे काकाजींनी कबूल केले आहे. त्यासाठी कंपनीला तीन प्रश्न लेखी पाठवण्यात आले. नावाच्या नोंदणीची प्रत मिळावी. दुसरी शाखा किती अंतराच्या आत दिली जाणार नाही, हे करारात लिहावे. आणि गेल्या तीन वर्षांत बंद झालेल्या शाखांची यादी, त्यांच्या चालकांच्या फोन क्रमांकांसह, द्यावी. पहिल्याचे उत्तर आठवड्यात आले, नोंदणी ठीक आहे. दुसऱ्याला दोन किलोमीटरचे उत्तर आले. शेगावसारख्या गावात ते पुरेसे आहे की नाही, यावर घरात दोन मते आहेत. तिसऱ्याचे उत्तर आलेले नाही. दरम्यान प्रतिनिधीचा दोनदा फोन येऊन गेला. महिनाअखेरपर्यंत सही केल्यास शुल्कात ५० हजारांची सूट आहे, असे त्याने कळवले. मुलाने दोन्ही वेळा त्याच्याकडे यादीच मागितली.